कळवून घेतलेलं पाणी

बारसं असो, वास्तुशांती असो की कुणाला बघायला दवाखान्यात जाणं असो, समोरचा माणूस पाण्याचा ग्लास पुढे करतो आणि मी पर्समधून माझी बाटली काढते. नातेवाइकांत मी यासाठी बदनाम आहे. "आल्या पाणीवाल्या बाई," असं माझी जाऊ तोंडावर म्हणते. माझ्या आजीला गावात लोक वरून ओंजळीत पाणी घालायचे आणि तिची नात अख्ख्या पिंपरी-चिंचवडात सगळ्या जातींच्या घरचं पाणी नाकारत फिरली. आजी असती तर पोट धरून हसली असती. पण मी तरी काय करणार? उभं आयुष्य पाण्यात काय काय पोहतं ते बघण्यात गेल्यावर समोरचा ग्लास नुसता ग्लास दिसत नाही.

मी भोसरीतल्या एका खासगी लॅबमध्ये पाणी तपासायचे. लॅबचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते आमच्या साहेबांना अजूनही झोंबेल. कासारवाडीच्या घरातून सकाळी निघायचं, लॅबची गाडी घ्यायची आणि कंपन्यांची कँटीन, शाळा, सोसायट्या, होस्टेलं अशा ठिकाणांहून नमुने आणायचे. लोकांना हे काम फार सोपं वाटतं. बाटली भरली की झालं, त्यात काय एवढं! एक गृहस्थ तर फिनेलची बाटली "तीनदा विसळलीय मॅडम" म्हणत पाणी भरून घेऊन आले होते. त्यांच्या पाण्यात एकही जंतू निघाला नाही, यात नवल ते काय?

खरी पद्धत अशी. बाटली आधी वाफेवर निर्जंतुक केलेली हवी. नळाचं तोंड स्पिरिटच्या ज्योतीनं भाजायचं, म्हणजे नळावरचे जंतू नमुन्यात येत नाहीत. मग पाणी थोडं वाहू द्यायचं आणि बाटली भरून बर्फात ठेवायची. यातही फजिती होते. पुनावळ्याच्या एका नव्या सोसायटीत मी झोकात ज्योत लावली आणि स्टीलचा म्हणून जो नळ होता तो मेणबत्तीसारखा वाकला. प्लॅस्टिकला चकचकीत मुलामा दिलेला होता! सेक्रेटरीसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सोसायटी जाळायलाच आले होते. तेव्हापासून मी आधी नळावर नखानं टिचकी मारून बघायची.

लॅबमध्ये आणल्यावर आम्ही जंतूंना जेवायला घालतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून वाढवून बघायचे. काचेच्या नळीत जांभळट रंगाचं खाद्य असतं, त्यात पाणी घालायचं आणि नळ्या अंगाइतक्या गरम कपाटात ठेवायच्या. माणसाच्या नाहीतर जनावराच्या पोटातून आलेले जंतू त्यात असतील तर ते खातात, वाढतात, खाद्य पिवळं पडतं आणि आत उलट्या ठेवलेल्या इवल्याशा नळीत वायूचा बुडबुडा धरतो. या सगळ्यात दोन दिवस जातात. मी अहवालावर सही करते तोवर ते पाणी लोकांनी पिऊन संपवलेलं असतं. ही गोष्ट मला नोकरीत पहिल्या दिवसापासून खुपायची, पण इलाज नव्हता.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगते, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. चाकणच्या पट्ट्यात गेटवर सिक्युरिटी अडवते. कुणाला भेटायचं, पास कुठाय, लॅपटॉप आहे का. एकदा भर उन्हात मला इतका वेळ उभं केलं की डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं आणि सकाळचे सगळे नमुने फेकावे लागले. माझा पारा चढला. तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करायला लागले. "नमस्कार, उद्या अकरा वाजता पाण्याचा नमुना घ्यायला येतेय." गेट उघडं, माणूस हजर, कधी कधी चहासुद्धा. साहेबांनी माझं कौतुक केलं आणि सगळ्या लॅबला हीच शिस्त लावली. मलाही आपण फार व्यवस्थित आहोत असं वाटायचं.

चाकणजवळ मुलींचं एक होस्टेल होतं. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपन्यांत काम करणाऱ्या पोरी तिथे राहायच्या. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कुठून कुठून आलेल्या. तिथल्या पाण्याचं सगळं बघायचे बबनमामा. मूळचे तिथल्याच गावचे, साठीला आलेले, डोक्यावर टोपी. पंप चालू करणं, टँकर रिकामा करून घेणं, टाकी धुणं, सगळं त्यांच्याकडे. त्या पोरी म्हणजे त्यांच्या जिवाचा तुकडा. कोण सेकंड शिफ्टला गेली, कोण अजून आली नाही, हे वॉर्डनबाईंच्या आधी मामांना माहीत असायचं.

मी गेले की मामांच्या चेहऱ्यावर पाहुणी आल्याचा आनंद. "या ताई, या. टाकी कशी चकाचक करून ठिवलीय बगा." निघताना शेवग्याच्या शेंगा नाहीतर पेरू गाडीत ठेवायचे. आणि प्रत्येक वेळी स्टीलचा तांब्या-भांडं पुढे करायचे. मी प्रत्येक वेळी माझी बाटली दाखवायची. एकदा ते हसत हसत बोलून गेले, "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय ताई?" गंमतच केली होती त्यांनी, पण माझ्या काळजात चर्र झालं. हा प्रश्न आमच्या घरात उलट्या बाजूनं पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेलेला. मी काहीतरी सारवासारव केली आणि गाडीत बसले.

त्या होस्टेलचे तीन अहवाल मी लागोपाठ दिले. तिन्ही एकदम स्वच्छ, 'पिण्यास योग्य'. वॉर्डनबाईंनी ते जेवणघराच्या भिंतीवर लावले होते, माझ्या सहीसकट.

तिसऱ्या अहवालानंतरची गोष्ट. मी तो वॉर्डनबाईंना देऊन उतरत होते आणि जिन्यात एका मुलीनं मला अडवलं. सारिका तिचं नाव, हिंगोलीकडची, अंगानं काटकुळी. "मॅडम, हे पाणी चांगलंय म्हणून तुमीच लिहून देताव का?"

"हो. का गं?"

"मला दोनदा जुलाब लागले बगा. लई अशक्तपणा आलाय. रूममधल्या दोघींना बी तसंच. मी सांगायला गेले तर वॉर्डनबाई म्हणायल्यात, तू बाहेरची पाणीपुरी खातीस, आन्‌ भिंतीवरचा कागद दाखवायल्यात." तिचा आवाज चढला. "आता तिसऱ्यांदा सुट्टी झाली की काँट्रॅक्टर कामाचं पुढचं पत्र देत नाही मला. घरी पाठवतेत."

तिची बोली थेट माझ्या वडिलांची होती. लातूरकडून येऊन लेथवर उभे राहिलेले माझे वडील असेच बोलायचे. खरंतर मी थांबायला हवं होतं, तिला बसवून विचारायला हवं होतं. पण मला राग आला. माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नसे. "तीनदा तपासलंय मी. लॅबचा रिपोर्ट खोटा असतो का?" असं म्हणून मी तरातरा खाली आले. त्या पोरीचा चेहरा मला आजही आठवतो आणि आजही माझीच मला लाज वाटते.

त्याच सुमारास आमच्या लॅबमध्ये मधुरा आली. ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची, तिशीची, बोलायला चुरचुरीत. पाण्यातले जंतू अर्ध्या तासात ओळखायची एक पद्धत तिनं बसवली होती आणि ती आमच्या जुन्या पद्धतीशी ताडून बघायची होती. तिनं बॅगेतून एक कुपी काढली. आत कोकम सरबतासारखं लालचुटुक पाणी.

"हे काय?"

"सोनं," ती म्हणाली.

सोनं हा शब्द ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले आणि चहा मागवला.

तिनं समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. सोन्याचे कण अतोनात बारीक केले, इतके की केसाच्या जाडीत हजारो मावतील, की सोनं पिवळं राहत नाही, लाल दिसतं. हेच ते नॅनो कण. त्या प्रत्येक कणावर एक प्रथिन चिकटवलेलं असतं आणि त्याला फक्त एकच जंतू ओळखता येतो, विष्ठेतून पाण्यात येणारा. लीटरभर पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणीवर जे राहील ते चमचाभर पाण्यात उतरवायचं आणि त्यात हे लाल पाणी घालायचं. तो जंतू भेटला की सगळे कण त्याच्याभोवती गोळा होतात, नाशिक फाट्यावर अपघात झाला की माणसं जमतात तशी. कण एकमेकांना खेटले की लाल रंगाचा जांभळा होतो. बस्स. ना गरम कपाट, ना दोन दिवसांची वाट.

"आणि आमच्या नळ्यांनी काय करायचं मग? लोणचं घालायचं?" मी विचारलं. मधुरा खळखळून हसली. मला ती आवडलीच, पण तिची कुपी मात्र मुळीच आवडली नाही. उभी हयात ज्या कामात घालवली ते काम कोकम सरबतानं अर्ध्या तासात केलेलं कुणाला आवडेल?

महिनाभर आम्ही दोघी एकाच पाण्याचे दोन नमुने घेत होतो. तिची कुपी आणि माझ्या नळ्या, दोघांचं म्हणणं जुळत होतं. फक्त एका ठिकाणी अडलं, ते म्हणजे मामांचं होस्टेल. माझ्या नळ्या स्वच्छ, बुडबुड्याचा पत्ता नाही, आणि मधुराची कुपी जांभळी. दुसऱ्यांदा नमुना घेतला, पुन्हा तेच.

मी मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू. "तिथे बोअरचं पाणी मिसळतं," मी म्हटलं. "जड पाणी. क्षारांमुळे तुझं सोनं आपोआप गोळा होत असणार."

"मलाही तीच शंका होती," ती म्हणाली, "म्हणून मी दुसरी कुपी लावली होती. नुसतं सोनं, प्रथिन नसलेलं. क्षारांचा दोष असता तर तीही जांभळी झाली असती. ती लालच राहिली." मग खुर्चीत मागे टेकून हताशपणे म्हणाली, "तरी तुमच्या नळ्यांत काही वाढत नाहीये म्हणजे माझंच चुकतंय. एकच आहे मॅडम, माझ्या सोन्याला मेलेला आणि जिवंत यातला फरक कळत नाही. मेलेला जंतूसुद्धा ते ओळखतं."

मेलेला जेवत नाही. माझ्या नळीत मेलेला जंतू कधीच दिसणार नाही. मी हातातला चहा खाली ठेवला. पाणी चांगलं असेल तर त्यात इतके मेलेले आले कुठून? आणि त्यांना मारलं कुणी, कधी?

मी उठून रजिस्टर काढलं. नमुना घेतानाच आम्ही एक छोटी तपासणी करतो. पाण्यात एक गोळी टाकायची, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, जास्त असेल तर गडद. होस्टेलच्या नोंदी बघितल्या. प्रत्येक वेळी माझ्याच अक्षरात 'गडद गुलाबी'. त्या वेळी मी ते बघून मामांना शाबासकी दिली होती. किती काळजी घेतात म्हणून! अरे देवा, मी म्हटलं, आणि पर्स उचलली. "मधुरा, चल. आत्ता."

"फोन नाही करायचा?"

"तेच तर करायचं नाही."

गेटवर अर्धा तास गेला. जाऊ दे म्हटलं. बबनमामा आम्हाला बघून चक्क रुसले. "ताई, कळवायचं तरी! असं अचानक येत्यात व्हय? टाकी आवरली न्हाई मी."

"म्हणजे काय करता मामा, आवरता म्हणजे?"

"तुमचा फोन आला की सकाळी उठून टाकीत दोन वाट्या पावडर सोडतो की. क्लोरीनची." मामा अभिमानानं सांगत होते. "तुमी येनार, मग घर सारवून नको का ठिवाय? एरवी न्हाई टाकत. पोरी म्हनत्यात वास येतोय, कपड्यांचा रंग जातोय. त्यांना तरास नको म्हनून बंद केली."

त्यांच्या डोळ्यांत काडीचीही लबाडी नव्हती. मी येणार म्हणून त्यांनी पाणी नटवून ठेवलं होतं, इतकंच. आवाज ऐकून सारिका जिन्यातून खाली आली. त्या दिवशीही ती रजेवर होती, तिसरी रजा. माझ्याशी बोलायची तिची इच्छा नव्हती, तरी बोललीच. "तुमी येणार ते आमाला आधीच कळतंय मॅडम. त्या दिवशी पाण्याला वास येतोय."

सगळ्या होस्टेलला माहीत होतं. फक्त पाणी तपासणाऱ्या बाईला माहीत नव्हतं.

गोळी टाकली. पाणी जसंच्या तसं, गुलाबीचा मागमूस नाही. मधुरानं जेवणघराच्या टेबलावरच पाणी गाळलं आणि कुपी लावली. आम्ही चौघंही त्या कुपीकडे बघत बसलो. लाल रंग हळूहळू गढुळला, मग जांभळा झाला, मग थेट पिकल्या जांभळासारखा. शेजारची नुसत्या सोन्याची कुपी लालच. त्यानंतर मी जे केलं ते माझ्या नोकरीत कधी केलं नव्हतं. दोन दिवस थांबा, अहवाल येऊ द्या, असं म्हटलंच नाही. "मामा, व्हॉल्व्ह बंद करा. हे पाणी कुणी प्यायचं नाही."

मामा धावतच गेले. आम्ही मागून बाहेर गेलो तेव्हा ते व्हॉल्व्ह बंद करून टाकीच्या कट्ट्यावर बसले होते, टोपी काढून हातात धरलेली. "ताई, माझ्या पोरी माझ्यापायी आजारी पडल्या व्हय?"

"तुमच्यामुळे नाही मामा," मी म्हटलं. "माझ्या फोनमुळे." त्या म्हाताऱ्याच्या समोर मी ढसाढसा रडले. सारिका उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं तिनं आतून चटई आणून अंथरली आणि म्हणाली, "बसा मॅडम, उन्हात नका बसू."

दोन दिवसांनी माझ्या नळ्यांनी मान्य केलं. एकूण एक पिवळ्या, प्रत्येकीत बुडबुडा. जमिनीखालच्या टाकीला लागूनच बाथरूमच्या सांडपाण्याचा चेंबर होता, तो तुंबायचा आणि टाकीच्या भिंतीला गेलेल्या चिरेतून आत झिरपायचा. तो दुरुस्त होईपर्यंत पोरींना बाहेरून बाटल्यांचं पाणी आणून दिलं. पैसे कोण देणार यावरून वॉर्डनबाई आणि मालकात चार दिवस जुंपली होती, पण त्यात मी पडले नाही.

मला दुसरं काम होतं. मी माझेच तीन अहवाल रद्द करणारं पत्र लिहिलं. 'सदर नमुने आगाऊ सूचना देऊन घेतले होते, त्यामुळे ते नेहमीच्या पाण्याचे नव्हते, ग्राह्य धरू नयेत. या काळात या पाण्यामुळे रहिवाशांना आजार होणे शक्य आहे.' साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाई, लॅबचं नाव धुळीला मिळेल!" मी म्हटलं, "सही माझी आहे. नाव धुळीला मिळायचं तर माझं मिळू दे." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुरकुरत शिक्का मारला. मग मी स्वतः होस्टेलवर जाऊन भिंतीवरचे तिन्ही कागद काढले आणि त्या जागी पत्र लावलं.

एक प्रत सारिकाच्या हातात दिली. तिनं ती घडी घालून ओळखपत्राच्या प्लॅस्टिकमागे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी काँट्रॅक्टरपुढे धरली. मी बाहेर गाडीत बसून होते. नखं खात होते म्हटलं तरी चालेल. ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात पुढच्या मुदतीचं पत्र होतं. "रजा आजाराच्या म्हणून धरल्या," म्हणाली. मग पत्र पिशवीत सारत, "त्या दिवशी जिन्यात तुमी लई तोडून बोललाव मॅडम."

"चुकलं माझं," मी म्हटलं. माफी मागणं माझ्या स्वभावात नाही, पण तेवढं मागितलं.

मधुराची पद्धत अजून सरकारी कागदावर आलेली नाही. तिचं सोनं महाग नाही, पण लहरी आहे. उन्हात ठेवलं तर बिघडतं, आणि मेल्या-जित्यातला फरक ओळखायला ती अजून शिकवतेय. मी तिला म्हणते, "तेवढं मात्र शिकवू नकोस गं. तिथेच तर ते माझ्यापेक्षा शहाणं निघालं." फोन करायची आमची शिस्त मात्र त्या महिन्यातच बंद झाली. निवृत्त होईपर्यंत मी गेटवर उन्हात उभी राहिले, सिक्युरिटीशी भांडले, जादा बर्फ घेऊन फिरले.

मागच्या दिवाळीच्या आधी चाकणला एका लग्नाची पत्रिका द्यायला गेले होते. परत येताना गाडी आपोआप होस्टेलकडे वळली. मामा अजून तिथेच होते, थोडे वाकलेले. सारिका आता दुसरीकडे खोली घेऊन राहते, कंपनीच्या लाइनवर नव्या पोरींना काम शिकवते, असं त्यांनीच कौतुकानं सांगितलं. मग आत गेले आणि सवयीनं तांब्या-भांडं घेऊन आले. पुढे केलं आणि लगेच हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या. तुमची बाटली आसंल की."

बाटली होती, पर्समध्येच. मी भांडं त्यांच्या हातातून घेतलं आणि तोंडाजवळ नेलं. पाण्याला क्लोरीनचा वास येत होता. अगदी हलका, रोजच्या मापाचा. आणि मी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी घटाघटा सगळं पाणी प्यायले आणि भांडं पुढे करून म्हटलं, "मामा, अजून घाला."